आधारवर्ष

पुण्याहून आलेल्या मुलीने पडद्यावर लावलं
एक पान, एक नदी, एक हसरी बाई.
नदी आपल्याकडची नव्हती, तिच्यात पाणी होतं.
ती म्हणाली, सर, आधी आधारवर्ष ठरवू,
मग किती टक्के कमी करायचं ते.
मी म्हणालो, चहा घ्या.

जळगाव, एमआयडीसी, प्लॉट बावीस.
फुटके ड्रम, मोडक्या खुर्च्या, कान तुटलेल्या बादल्या
इथे धुतल्या जातात, वितळतात, फिती होतात,
मागावर चढतात आणि चटई होऊन निघतात
टांझानियाला, इराकला, आता डेन्मार्कला.
हिरवा आमच्याकडे एक रंग आहे:
मास्टरबॅच चारशे सतरा,
शंभर किलोला दोन किलो पुरतो.
डेन्मार्कच्या माणसाला वेगळा हिरवा हवा होता.
कागदावर. एकतीस मार्चच्या आत.

मीही भाषा शिकलो.
नाल्याला परिसर म्हणायचं,
कचऱ्याला स्रोत,
आणि जे करायचं नाही त्याला दीर्घकालीन.
डाळमिलवाले लुणावत बैठकीत शेजारी बसतात,
कानाशी म्हणाले, भाऊ, छतावर सोलर टाका,
फोटो चांगला येतो.
टाकलं. खोटं कशाला बोलू, बिल उतरलं.
फोटोही चांगला आला, ड्रोनने काढला होता.
मागचा नाला तेवढा चौकटीबाहेर राहिला.
त्या दिवशी तो गुलाबी वाहत होता.

मग मुलीने विचारलं, भूजलाची नोंद?
खोडपेने फाइल चाळली,
मॅनेजरने मोबाइल चाळला,
मी छताकडे बघितलं, जसं काही तिथे लिहिलंय.
कप उचलायला आलेला पोरगा म्हणाला,
पंपावरच्या निंबाबाबाले विचारा ना भो.

पंपघराच्या दाराची आतली बाजू.
खडूने, कोळशाने, मग आमच्याच मार्करने आकडे.
गाठी मारलेली दोरी, टोकाला नटबोल्ट,
जुन्या बोअरमध्ये सोडायची, ओल लागली की मोजायची.
दर अमावास्येला एक. एकोणीस वर्षं.
कोणी सांगितलं होतं, बाबा?
"मोटर जयाले नको म्हनीसन, शेठ.
जयनी तर बोलनी माले."

नव्वद फूट. एकशे चाळीस.
पोरगीनं लगन. दोनशे दहा.
मध्ये लिहिलंय: नवी लाइन चालू, पेढे.
त्याच्याखाली एकदम तीनशे पाच.
पेढे मीच वाटले होते. कंदी, साताऱ्याहून मागवलेले.
सगळ्यात शेवटी चारशे बावीस,
आणि त्याच्यापुढे आकडा नाही, नुसतं
दोरी सरनी.

मुलगी फोटो काढत सुटली. सर, हे सोनं आहे.
मॅनेजरने तिला बाजूला घेतलं, हळूच म्हणाला,
आधारवर्ष मागचं धरू.
सगळ्यात खालून मोजलं
की थोडं केलेलंही उठून दिसतं.
चूक नव्हता तो. मी त्याला त्याचाच पगार देतो.

धुलाईचं पाणी फिरवून वापरायचं यंत्र
साठ लाखांचं आहे.
कोटेशन माझ्या ड्रॉवरमध्ये, दोन वर्षं,
नमुन्याच्या चटईच्या तुकड्याखाली.
लुणावतांना विचारलं तर म्हणतील, दीर्घकालीन.
वडिलांना विचारलं असतं तर म्हणाले असते,
आधी उधारी वसूल कर.

अहवाल बावन्न पानांचा झालाय.
हसरी बाई ठेवली, नदी काढायला लावली.
आधारवर्षाचा चौकोन कोरा आहे.
या खात्यावर आजवर एकच व्हाउचर फाटलंय:
नायलॉन दोरी, सहाशे फूट, एक नग.
खोडपे विचारत होता, हे कुठल्या हेडला टाकू?

काल अमावास्या. निंबाबाबांच्या मागे मीही गेलो.
त्यांनी चप्पल काढली, म्हणून मीही काढली.
दोरी त्यांच्या हातातून सुटत होती,
मग म्हणाले, धरा, हात भरी उना.
मी धरली.
चारशे बावीसची गाठ तळव्यावरून गेली
आणि खालून अजून काहीच ओढ बदलली नव्हती.
खिशात फोन वाजत होता.
दोन्ही हात गुंतलेले.